तिन्ही मजल्यांची बेल

पाण्याची बाटली भरायला खाली उतरलो तेव्हा आईच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं, आणि फटीतून मला तिचा डावा हात दिसला. अंगठा बेलच्या बटणावर होता. तो दाबत होता, सुटत होता, पुन्हा दाबत होता, आणि घरात कुठेही काही वाजत नव्हतं. मी बाटली धरून तसाच उभा राहिलो. खरं सांगायचं तर मनात पहिल्यांदा आलं ते हे, की म्हणूनच आज सकाळपासून काम बरं चाललंय. मग त्या विचाराची लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग दुसरा विचार आला: आज सकाळपासून, की कालपासून? की त्याच्याही आधीपासून? बेल शेवटची कधी वाजली ते मला आठवेना. वीज गेली की आमच्या घरात दोन मिनिटांत आरडाओरडा होतो, नळाचं पाणी गेलं तर त्याहून मोठा. बेल गेली ते तीन मजल्यांच्या घरात कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. किंवा आलं असेल आणि प्रत्येकाला माझ्यासारखंच बरं वाटलं असेल. आई दाबत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, घाईही नव्हती. पूर्वी तांदूळ निवडताना तिचा चेहरा असाच असायचा, हात आपला चालू आणि नजर भलतीकडे.

त्यात गंमत अशी की माझा धंदाच हा आहे. मी ड्रायव्हर लिहितो. हे वाक्य भिवंडीजवळच्या आमच्या मानकोलीत सांगण्यासारखं नाही, कारण इथे दर दुसरा माणूस कंटेनरवर ड्रायव्हर आहे, आणि माझ्या लग्नाच्या वेळी हेमालीच्या मामाने बाबांना बाजूला घेऊन विचारलं होतं, की पोरगा एवढा शिकला तर गाडीवर कशाला ठेवलाय. माझे ड्रायव्हर म्हणजे प्रोग्राम, ते कॉम्प्युटरच्या आत बसतात आणि त्याला जोडलेली यंत्रं चालवतात. समजा गोडाऊनमधल्या पट्ट्यावरून पार्सलं चालली आहेत आणि ती बघायला एक डोळा बसवला आहे. त्या डोळ्याला काही दिसलं हे प्रोसेसरला कळणार कसं? एक रीत अशी, की प्रोसेसरने हातातलं काम टाकून सारखं त्याच्यापाशी जायचं आणि विचारायचं, काही आहे का, काही आहे का. यात त्याचा जन्म जातो. म्हणून दुसरी रीत निघाली: तू तुझं काम कर, मला काही लागलं तर मी हाक मारीन. त्या हाकेला इंटरप्ट म्हणतात. ड्रायव्हरने सुरुवातीलाच कर्नलकडे, म्हणजे आतल्या कारभाऱ्याकडे, आपला हाकेला उठणारा गडी, हँडलर, नोंदवून ठेवायचा: या लाइनीवर हाक आली की याला उठवा. यंत्रं जास्त आणि लाइनी कमी असल्या की दोघातिघांत एकच लाइन वाटून देतात. मग हाक आली की कारभारी नोंदवलेल्या प्रत्येकाला क्रमाने उठवतो आणि विचारतो, तुझी आहे का? प्रत्येकाने उठून आपल्या यंत्राकडे खरोखर बघायचं आणि खरं ते सांगायचं. माझी असली तर आधी झटकन पोच द्यायची, मोठं काम मागाहून. पण सगळ्यांनीच माझी नाही म्हटलं, आणि असं पुन्हा पुन्हा होत राहिलं, तर कारभारी समजतो की ही लाइनच वेडी झाली. तो ती बंद करून टाकतो आणि नोंदीत एक ओळ लिहितो. मराठीत तिचा अर्थ एवढाच, की कुणालाच पर्वा नव्हती. ही ओळ ज्याला सुचली त्याला घरचा अनुभव असणार, असं मी एकदा हेमालीला म्हटलं होतं आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. तेव्हा आई हिंडतीफिरती होती.

दार ढकलून आत गेलो. "काय गं आई?" म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं, डावा हात उचलून दाराकडे बोट केलं आणि पुन्हा बटणाकडे आणलं. झटक्यानंतर तिची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. कान मात्र शाबूत आहेत, इतके की फाटकाशी कुणाची गाडी थांबली ते आम्हा सगळ्यांच्या आधी तिला कळतं. मी बटण तिच्या हातातून घेतलं आणि दाबून बघितलं. काही नाही. "थांब, बघतो," मी म्हटलं, आणि मला चक्क हुशारी आली. आईच्या खोलीत गेलं की काय बोलावं ते मला सुचत नाही. पाय चेपावे तर ती पाय ओढून घेते, एकच पाय ओढता येतो तो ओढते, आणि मी दोन मिनिटांत उठतो. आता माझ्या हातात एक बिघडलेली वस्तू होती. बिघडलेल्या वस्तूचं काय करायचं ते मला पक्कं ठाऊक आहे. बटणापासून वायर धरत मी भिंतीच्या कडेने निघालो, बोळातून, स्वयंपाकघराच्या दारावरून, पुढच्या हॉलपर्यंत. वायर मीच टाकली होती. क्लिपा सारख्या अंतरावर मारल्या होत्या, वळणावर वायर कुठे ताणली नव्हती. चांगलं काम होतं ते.

आजारी पडल्यावर आईची खाट या हॉलमध्येच होती, खिडकीखाली. फाटकातून आत येणारा, जिना चढणारा, उतरणारा, पाणी भरायला येणारा प्रत्येक माणूस तिच्या उशाशीच यायचा, आणि येता जाता काहीतरी बोलायचाच. काय गं आई, जेवलीस का, आज डोळे लाल का दिसतात. कुणी मुद्दाम विचारायला जात नव्हतं. वाटच तिथून होती. मग मितेशदादाकडे माणसं यायला लागली, गोडाऊनच्या भाड्याची, जागेच्या बोलण्यांची, आणि खाटेशेजारी बसून बोलणी कशी करणार हा प्रश्न आला. दादा माझा मोठा भाऊ, पहिला मजला त्याचा, दुसरा माझा, खालचा आईबाबांचा आणि सगळ्यांचा. मागची खोली रिकामी होती. हवा नाही, खिडकी उघडली की गोडाऊनची निळ्या पत्र्याची भिंत, पण शांत. आईला एकटं कसं ठेवायचं, यावर बोलणं अडलं तेव्हा मीच म्हटलं होतं, बेल बसवू. एक बटण तिच्या हाताशी, आणि वाजायला तिन्ही मजल्यांवर एकेक बेल. कुणी ना कुणी घरात असतंच. दादाने माझ्या पाठीवर थाप मारली होती, घरात इंजिनियर असावा तो यासाठी. सोफ्यामागे वाकून वायर शोधताना ती थाप मला पुन्हा पाठीवर लागली. मी इतके दिवस समजत होतो की खाट मागे नेली म्हणून मी बेल बसवली. उलटं होतं. मी बेल बसवली म्हणून खाट मागे नेता आली. कुणी तिच्यापाशी जायला नको, तिला काही झालं तर तीच हाक मारील. ज्यासाठी इंटरप्ट निघाला तेच, जन्म वाचवायला. आणि ते घरात सुचायला माझ्यासारखाच माणूस हवा होता.

सुरुवातीला बेल वाजली की तिन्ही मजल्यांवरून माणसं धावायची आणि आईच्या दारात एकमेकांवर आदळायची. करिष्मावहिनी हसायची, आई अर्ध्या तोंडाने हसायची. मग साहजिकच प्रत्येकाला वाटायला लागलं की आपण नाही गेलो तर दुसरा जातोच. हेमालीला वाटायचं, वहिनी एक मजला जवळ आहे. वहिनीला वाटायचं, बाबा खालीच असतात. बाबांना गुडघ्यांमुळे आईला उचलता येत नाही, ते फाटकाजवळच्या ओट्यावर बसलेले. मी मीटिंगमध्ये. सकाळी आईसाठी लावलेली रूपा येऊन तिची आंघोळ, कपडे करून जायची, त्यामुळे मोठं असं काही उरायचंही नाही. आम्ही वरूनच ओरडायचो, आलो गं आई. पोच. आणि कधी खरंच गेलो, तर पाणी नको असायचं, कूस बदलायला नको, पंखा कमी नको, जास्त नको. ती नुसती दाराकडे बोट करायची. आम्ही दार लोटून घ्यायचो, वारा लागत असेल म्हणून, आणि वर यायचो. पाठ वळते न वळते तोच बेल पुन्हा. तिला काही होत नाही, उगाच दाबते, असं आधी कोण म्हणालं ते मला सांगता येणार नाही. एकदा म्हटल्यावर मात्र ते सगळ्यांनाच पटलं.

तिन्ही बेलच्या वायरी जिथे एकत्र येतात तो पांढरा डबा सोफ्यामागे आहे. त्याचं झाकण मी उघडलं. उंदराचं काम नव्हतं. बटणाकडून येणारी तेवढी एक वायर स्क्रू सैल करून काढलेली होती, तिच्या टोकाला काळी टेप नीट गुंडाळली होती आणि ती बाजूला वळवून ठेवली होती. कुणीतरी ओढून तोडली असती तर मला एवढं लागलं नसतं. हे सावकाश केलेलं होतं, शॉक बसू नये एवढी काळजी घेऊन. कोण? वहिनीचं डोकं दुखतं, तिला आवाज सहन होत नाही. दादाकडे पाहुणे येतात. पुढच्या महिन्यात रुचिकाचा, त्याच्या मुलीचा, साखरपुडा, घरात सारखी ये-जा. की हेमाली? हेमाली असली तर मला कळायला नको होतं. मी उकिडवा बसून टेप सोलत होतो आणि एकेकाचा चेहरा समोर आणून बघत होतो, आणि प्रत्येक चेहरा म्हणत होता, मी नाही. माझाही. क्षणभर मला खरंच शंका आली, की कधीतरी मीटिंगच्या आधी चिडून मीच तर येऊन काढली नाही ना. टेप मी गुंडाळतो तशीच होती. पण टेप सगळेच तशी गुंडाळतात.

तेवढ्यात फोन वाजला. धम्मदिना. ती मूळची भिवंडीचीच, आता ठाण्याला राहते, आमच्या टीमची लीड. "हितेश, सापडलं का?" तिने विचारलं. एका गोडाऊनमध्ये आमचा बोर्ड लावला होता. स्वस्तातला बोर्ड, डोळा, वजनकाटा आणि लेबलचा प्रिंटर तिघे एकाच लाइनीवर, आणि थोडा वेळ चालून ती लाइन बंद पडत होती. नोंदीत तीच ओळ. हाक येत होती आणि तिन्ही हँडलर म्हणत होते, माझी नाही.

"नाही सापडलं," मी म्हटलं. "डोळ्याचीच असावी असं वाटतंय. आपण फार लवकर बघून निघून जातो. त्याचं म्हणणं वर यायला जरा वेळ लागत असेल."

"उद्या डेमो आहे रे. एक कर, तुझ्या हँडलरला सरळ माझी आहे म्हणायला लाव. प्रत्येक वेळी. कर्नल गप्प बसेल, लाइन चालू राहील."

"आणि बघायचं कोणी? नुसतं माझी माझी म्हटलं तर ज्याची आहे तो तसाच ओरडत राहणार."

"उद्यापुरतं. मग नीट करू ना."

धम्मदिना खोटं बोलणारी नाही, मग नीट करू हे तिला मनापासून वाटत असतं. आम्हा सगळ्यांनाच वाटतं. साखरपुडा झाला की आईची खाट पुन्हा पुढे घेऊ, असं दादाही परवाच म्हणाला होता, आणि त्याच्या डोळ्यांत तेव्हा पाणी होतं. मी तिला करतो म्हणून सांगितलं, फोन ठेवला, वायर जागेवर बसवली आणि स्क्रू घट्ट पिळला.

"झाली बघ आई," मी खोलीत जाऊन म्हटलं. तिने मान वळवली. मी तिच्यासमोर बटण धरलं आणि दाबलं, आणि बेल वाजली. हॉलमध्ये वाजली, वर वाजली, त्याच्या वर वाजली, तिन्ही आवाज एका क्षणाच्या फरकाने बोळातून आमच्यापर्यंत आले. आईचा चेहरा असा काही उजळला की मला माझाच अभिमान वाटला. आजारपणानंतर तिचं तोंड एका बाजूला ओढलेलं असतं, पण डोळे दोन्ही तिचेच आहेत, पूर्वीचे. तिने डोक्यावरचा पदर डाव्या हाताने सारखा केला. आणि दाराकडे बघायला लागली. मीही बघायला लागलो. बोळ रिकामा होता. थोडा वेळ गेला. तपासायचं म्हणून मी पुन्हा दाबलं. तपासायचं काही नव्हतं, ती उत्तम वाजत होती. वरचा टीव्ही जरासा बारीक झाला आणि जिन्यातून करिष्मावहिनीचा आवाज आला, "रुचिका, बग गो जरा... नको, राहू दे, हितेशभाऊ घरातच हायत. ते बगतील." टीव्ही पुन्हा मोठा झाला. त्याच्या वरच्या मजल्यावर हेमालीच्या पावलांचा आवाज दारापर्यंत आला, थांबला, आणि परत गेला. तिला वाटलं असणार, वहिनी गेली. मी तिसऱ्यांदा दाबलं, दाबूनच धरलं. या वेळी ते आईसाठी नव्हतं. मला स्वतःला फार वाटायला लागलं होतं की कुणीतरी यावं. कुणीही यावं, दारात उभं राहून काय झालं म्हणून ओरडावं, एवढं चाललं असतं. अंगठा दुखायला लागला तेव्हा मी सोडला. आईच्या चेहऱ्याकडे बघायचं मी टाळत होतो. बघितलं तेव्हा ती दाराकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

आले ते बाबा. फाटकाजवळच्या ओट्यावरून काठी टेकत, गुडघे सांभाळत यायला त्यांना जेवढा वेळ लागतो तेवढा लावून ते आले. माझ्या हातातलं बटण बघितलं आणि काठीनेच मला बाहेर यायची खूण केली. बोळात, रुचिकाच्या साखरपुड्यासाठी आणून रचलेल्या खुर्च्यांपाशी, ते हळू आवाजात बोलले.

"वायर तू लावलीस?"

"हो. कुणी काढली होती कळेना."

"मीच काढली. माज्या हातानी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. चौघांवर संशय घेताना बाबांचं नाव माझ्या मनातही आलं नव्हतं.

"तुमी काढली? का?"

"ऐकवत नव्हता रं मना. ती दाबते, ती वाजते, नि कोन येत न्हाय. परत दाबते, परत वाजते, परत कोन येत न्हाय. मी जवल जाऊन बसतो तं मना ढकलते, म्हंजे तू नको, पोरांना बोलव. तिला दुसरा काय पायजे? दाराकरं बोट करते, म्हंजे पुढं न्या बोलते, मानसांत न्या. तुमी दार लावून घेता." ते थांबले, श्वास घेतला. "मंग एक दिवस काढली वायर नि तिला सांगितला, हौसा, बेल बिघारली हाय, म्हनून पोरांना ऐकू जात न्हाय. आपला हितेश दुरुस्त करनार हाय. तवापासून निवांत व्हती. दाबायची आपली. तिला वाटायचा, वाजत न्हाय म्हनून येत न्हाईत. वाजली असती तं आली असती."

मी बोळातून आईच्या दाराकडे बघितलं.

"आता वाजली," बाबा म्हणाले. "आता तिला काय सांगू, ते तू सांग मना."

त्यांनी उत्तराची वाट बघितली नाही. भिंतीला हात लावत ते हॉलकडे गेले आणि सोफ्यावर बसल्याचा आवाज आला. मी खुर्च्यांपाशी उभा होतो. डोकं अजून धंद्याच्याच भाषेत चाललं होतं, त्याला दुसरी येत नाही. वाटलं, जाऊन सगळ्यांना खाली बोलवावं, आता, सगळ्यांनी तिच्यासमोर उभं राहावं. ते आलेही असते, ओरडलो असतो तर नक्की आले असते, रडलेही असते, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत सगळं होतं तसं झालं असतं. वाटलं, खाट आत्ताच्या आत्ता पुढे ओढावी. तिथे नवे सोफे होते. मग एकच सोपी गोष्ट उरली, आणि ती सुचल्यावर मला हलकं वाटलं: बाबांनी केलं तेच. आत जायचं आणि हसत सांगायचं, आई, गंमत बघ, खालीच वाजली, वरच्या दोन्ही बेल बंदच आहेत, तारेत दोष आहे, शोधायला लागेल, वेळ लागेल. तिला विजेतलं काय कळतंय. चांगला लांबलचक दोष सांगायचा, महिने पुरेल असा. मी तोंडावर हसू आणलं आणि आत गेलो.

"आई," मी म्हटलं, "ही बेल ना..."

तिने डावा हात उचलला. मला वाटलं दाराकडे बोट करणार. पण तिने माझं मनगट धरलं, मला खाली खाटेवर बसवलं आणि उशीजवळचं बटण उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. मग माझी बोटं एकेक करून त्याच्यावर मिटवली. लहानपणी बाजाराला पाठवताना ती नाणी अशीच माझ्या मुठीत बंद करायची, वाटेत सांडू नयेत म्हणून. मूठ पूर्ण मिटल्यावर तिने वरून दोनदा थोपटलं, आणि हात काढून घेऊन आपल्या पोटावर ठेवला. डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं. मी जे सांगायला आलो होतो ते तिला आधीच कळलं होतं, आणि ते सांगण्याचा त्रास मला पडू नये एवढंच तिला करायचं होतं. मी मूठ तशीच मिटून बसलो. वायर माझ्या हातातून निघून भिंतीकडे गेली होती, सारख्या अंतरावरच्या क्लिपांतून. लाइन चालू होती.

"अहो," दुसऱ्या मजल्यावरून हेमालीची हाक आली, "धम्मदिनाचा लॅपटॉपवर कॉल येतोय, सारखा येतोय!"

"आलो," मी ओरडलो. आईने डोळे मिटले. ज्या सुरात तिला इतके दिवस वरून म्हणत होतो त्याच सुरात मी ते म्हटलं होतं, फक्त या वेळी खरंच उठून गेलो.